जाळीत अडकलेली हाक

मी एक जुना माईक आहे, मित्रांनो. वायरवाला. माझ्या मानेला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली आहे, जाळीला एका बाजूला पोचा आलेला आहे, आणि नीट बघाल तर त्या पोच्याच्या खाचेत अजून थोडा सोनेरी रंग दिसेल. तो कुठून आला ते पुढे सांगतो. सध्या माझा मुक्काम लोणावळ्यात, एका चिक्कीच्या दुकानामागच्या खोलीत आहे. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून इथल्या भिंतींना गाद्या ठोकल्या आहेत. आवाज येत नाही, पण गुळाचा वास येतो. गाद्यांना वासातलं काही कळत नाही.

या खोलीत माझ्यापेक्षा देखणे, महागडे माईक आहेत. ते बंद असले की खरोखर बंद असतात. मला ते जमत नाही. बटण खाली केलं, वायर उपसून ठेवली, तरी माझ्या आत काहीतरी जागं असतं. काही वर्षं तर माझ्या जाळीत एक हाक अडकून बसली होती. तीही अर्धीच. ती कशी अडकली आणि कशी सुटली, तेवढंच मला तुम्हाला सांगायचं आहे. मध्येमध्ये माझा मोठेपणा येईल, तो चालवून घ्या. जन्मभर लोकांनी माझ्यासमोर मोठेपणाच सांगितला आहे.

माझा जन्म कारखान्यातला. आत एक पातळ पडदा, त्यामागे तारेचं वेटोळं आणि लोहचुंबक, वर जाळी, एवढाच माझा संसार. पुण्याच्या बुधवार पेठेतून राजमहंमद चाचांनी मला पवनानगरला आणलं. तिथल्या बाजारात त्यांचं स्पीकर भाड्याने द्यायचं दुकान आहे. चाचांना सगळं मावळ ओळखतं. त्यांनी मला कधी नुसतं पिशवीत टाकलं नाही. घरातल्या जुन्या ओढणीत गुंडाळून, वायरीचं नीट वेटोळं करून ते मला ठेवत. वायर कोपरावर ओढून गुंडाळणारा माणूस त्यांना अजिबात खपत नसे.

काम तर इतकं केलं की विचारू नका. सप्त्यात कीर्तन, उरुसात कव्वाली, हळदीत नवरदेवाच्या मामाचं गाणं, निवडणुकीत सगळ्या पक्षांची तीच आश्वासनं. मावळात दहाव्याच्या दिवशी घाटावर प्रवचन असतं, आणि प्रवचनानंतर पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं. कावळा बिचारा झाडावर बसून वाट बघतो, यांचं कधी संपतंय. कीर्तनकारांच्या तोंडाला लवंगेचा वास, सरपंचांच्या तोंडाला तंबाखूचा, आणि मामांच्या तोंडाचा वास तुम्हाला सांगण्यासारखा नाही. पण एक गोष्ट सगळ्यांची सारखी. आधी मला बोटाने टकटक मारायचं, मग फुंकर घालायची आणि विचारायचं, ‘हॅलो, येतोय का आवाज?’ तुमच्या नाकावर कोणी टकटक मारून विचारलं तर कसं वाटेल, सांगा बरं.

आमच्या पवनानगरला धरण आहे. धरणाच्या पाण्याकडेने रंगीत तंबू लागतात, आणि शनिवार-रविवारी शहरातली पोरं गाड्या भरभरून येतात. चाचा जीपवर भोंगा बांधून काठाने फिरत आणि माझ्यातून सांगत, ‘पाण्यात उतरू नका. खाली गाळ आहे. पोहता येणाऱ्यांनीही उतरू नका.’ ऐकणारी पोरं हात हलवून आम्हालाच टाटा करत. मग कधीतरी काठावर धावपळ व्हायची, एखादी चप्पल आणि घडी घातलेले कपडे खडकावर राहिलेले दिसायचे, आणि कोणीतरी कोंडाजी आबांना बोलवायला पळायचं.

कोंडाजी आबा तिकोणा पेठेचे. थोडी भातशेती, एक होडी आणि जाळं. मासे धरायचा त्यांचा धंदा, पण बुडालेलं माणूस बाहेर काढायचं काम त्यांच्याकडे आपसूक आलं होतं. त्यांची एक रीत होती. होडी पाण्यात लोटण्याआधी ते रडणाऱ्या माणसांपाशी जात, खाली बसत आणि हळूच विचारत, ‘घरात काय म्हनत हुता त्येला?’ शाळेतलं नाव, कागदावरचं नाव त्यांना नको असे. सोनू, बाळ्या, छकुली, जे घरात चालत असेल ते. मग काठावर उभं राहून ते पाण्याला हाक मारत.

‘सोनू, चल रं बाळा, घरी चल. काठावर तुजी मानसं आल्यात.’

एवढंच. एकदा वारा उलटा होता आणि आबांचा आवाज काठावरच पडत होता, तेव्हा चाचांनी पुढे होऊन मला त्यांच्या हातात दिलं. त्या दिवसापासून हाक माझ्यातून जाऊ लागली. चाचांनी एकदा त्यांना विचारलं होतं, ‘कोंडाजीभाऊ, मेलेल्याला ऐकू येतं का?’

आबा म्हणाले, ‘ते मला न्हाई म्हाईत. पर परक्या पान्यात मानूस बावरतं. घरचं नाव आलं कानावर, की त्येला कळतं, आपल्यालाच बोलवत्यात.’

मित्रांनो, मी पुष्कळ आवाज ऐकले आहेत, पण आबांचा आवाज माझ्या पडद्यावर पडला की पडदा थरथरायचा थांबल्यासारखा होई. भोंग्यातून ते नाव पाण्यावर जाई, पलीकडच्या डोंगराला लागून परत येई, आणि सगळा काठ गप्प होई. त्यानंतर आबा होडी लोटत. बहुतेक वेळा ते माणूस सापडायचं. लोक म्हणत, कोंडाजीच्या हाकेला पाणी सोडतं. आबा होडी काठाला बांधत. घरी जाऊन आंघोळ करत आणि त्या दिवशी जेवत नसत.

आता त्यांच्या मुलाची गोष्ट. त्याचं नाव संदेश. तो रॅप करतो. म्हणजे गाणं म्हणायचं नाही, बोलायचं, पण असं भरभर आणि ठेक्यात की ऐकणाऱ्याची मान आपोआप हलावी. त्याचा जोडीदार फरदीन, चाचांचा मुलगा. फरदीन लॅपटॉपवर ठेका तयार करायचा आणि संदेश त्यावर बोलायचा. दोघांनी चाचांच्या गोदामात, सतरंज्यांच्या ढिगाआड पहिला अल्बम केला. माईक घ्यायला पैसे कुठले? त्यांच्याकडे मीच होतो.

संदेशला तेव्हा फार राग होता. शहरातली पोरं भाताच्या खाचरात बाटल्या फोडून जात आणि लावणीच्या वेळी काचा बापाच्या पायात घुसत. त्याच पोरांना त्याचा बाप पाण्यातून काढत होता. राग खोटा नव्हता. पण रागाला ठेका मिळाला आणि त्याची मस्ती झाली. त्याने गाणं केलं:

‘बाटली हातात, अक्कल खिशात,
पोहता येईना, उडी झोकात,
बुडला गं बाई, पाव्हणा बुडला...’

आणि मग बापाचा आवाज काढून, मान वाकडी करून तो म्हणाला, ‘चल रं बाळा, घरी चल!’ मागे ढोल वाजला. फरदीनने ठेका थांबवला.

‘संद्या, हे आबांचं हाय.’

‘आबांचं हाय म्हनूनच भारी हाय. आन् आबा कुटं रॅप ऐकत्यात?’

फरदीनने लॅपटॉप पुढे ओढला. मग त्याने ढोल अजून मोठा केला.

व्हिडिओसाठी त्यांनी मला सोनेरी रंग फवारला. फार मिरवलो मी तेव्हा. तुम्हीही मिरवला असता. गाणं असं पसरलं की लग्नाच्या वरातीत तेच, कॉलेजच्या गॅदरिंगला तेच, तंबूंच्या स्पीकरवर तेच. पोरं एकमेकांना धरणात ढकलत आणि काठावरून ओरडत, ‘चल रं बाळा, घरी चल!’ संदेशचे फ्लेक्स लागले. कामशेतपासून लोणावळ्यापर्यंत लोक त्याच्याबरोबर फोटो काढू लागले. आबांनी ते गाणं ऐकलं की नाही, कोणालाच माहीत नव्हतं. ते पूर्वीसारखेच जाळं विणत होते. फक्त मुलाशी बोलताना ते दुसरीकडे बघू लागले होते.

मग दिवाळीनंतरचा एक रविवार आला. कॉलेजातला एक मुलगा बुडाला. त्याचं नाव समर्थ. दुपारपर्यंत त्याच्या आई, यशोधराबाई, पुण्याहून पोचल्या. पायात घरातल्या सपाता होत्या. आबा त्यांच्यापाशी बसले आणि विचारलं. त्या म्हणाल्या, ‘समू. आम्ही समू म्हणतो.’

आबा उठले. चाचांनी मला त्यांच्या हातात दिलं. काठावर खूप गर्दी होती, तंबूंमधली पोरंही आली होती, फोन वर धरलेले होते. आबांनी मला तोंडाशी धरलं आणि म्हणाले, ‘समू, चल रं...’

आणि गर्दीतून कोणीतरी पुढचं म्हटलं. ठेक्यात. मग दुसऱ्याने साथ दिली. त्यांना वाईट करायचं होतं असं नाही, मित्रांनो. गाणं तोंडात बसलेलं असलं की ते आपणहून बाहेर पडतं. दहा-बारा तोंडांतून ‘घरी चल, घरी चल’ झालं, आणि मागच्या बाजूला कोणीतरी हसलं.

यशोधराबाईंनी मागे वळून पाहिलं. आपल्या मुलावर लोक का हसतात, ते त्यांना कळेना.

आबांनी मला खाली केलं. हाक अर्धीच राहिली. मला चाचांच्या हातात ठेवून ते म्हणाले, ‘राजमहंमदभाई, ह्येला आता हितं आनू नका.’ ते होडी घेऊन गेले, अंधार पडेपर्यंत गळ टाकत राहिले, पण समू सापडला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, आठवड्यानेही नाही. बचाव पथकवाले आले, पाणबुडे आले. पाण्याच्या तळाशी जुन्या गावाच्या भिंती आहेत, झाडं आहेत, गाळ आहे. पाण्याने त्याला दिलंच नाही. आबांनी नंतरही माणसं काढली, पण हाक मारणं सोडलं.

आणि माझ्या जाळीत ते अडकलं. ‘समू, चल रं...’

चाचांनी मला ओढणीत गुंडाळून गोदामाच्या फळीवर ठेवलं. दुकानात बिनवायरचे माईक आले होते, मला कोणी विचारत नव्हतं. ओढणीला भोकं पडली, आत कोळ्याने घर केलं. एकटं पडण्याचं मला दुःख नव्हतं. भीती त्या हाकेची होती. दुपारी गोदामात कोणी नसताना पत्र्यावर वारा घासायचा आणि माझा पडदा आपोआप हलायचा. वायर कशालाच जोडलेली नव्हती. तरी माझ्या आत पाणी हलल्यासारखा आवाज यायचा, आणि त्या पाण्यामागे कोणीतरी ऐकत उभं आहे असं वाटायचं. आपलं नाव ऐकून थांबलेलं. पुढे काय म्हणतात, याची वाट बघत. हाक मारायची आणि पुढचं बोलायचंच नाही, यासारखं वाईट काही नसतं. तुमच्या आईने तुमचं नाव घ्यावं आणि मग गप्पच बसावं, कसं वाटेल?

यशोधराबाई दर महिन्याला यायच्या. पवनानगरच्या स्टँडवर उतरून चाचांच्या दुकानावरून चालत काठाला जायच्या आणि शेवटची जीप सुटायची वेळ होईपर्यंत बसून राहायच्या. चाचा त्यांना चहा नेऊन देत.

संदेश तोवर लोणावळ्याला राहायला गेला होता. त्याची खबर मला फरदीनमुळे कळायची. एकदा तो बापाला सांगत होता, ‘अब्बा, कॉलेजात शो होता. संद्याने गाणं सुरू केलं, आणि ती ओळ आली तशी पोरांनीच म्हणायला सुरुवात केली. दोन-चार हजार पोरं. संद्या नुसता उभा. माईक खाली. म्हणाला, मला समोर काठ दिसला.’

‘मग?’

‘मग काय? लोकांना वाटलं, स्टाईल आहे. अजून जोरात ओरडले.’

त्यानंतर संदेशने ते गाणं म्हणणं सोडलं. शो कमी झाले. लोक म्हणाले, पोरगं संपलं. आणि एक दिवस तो गोदामात आला, फळीवरून मला उतरवलं, कोळ्याचं घर बोटाने काढलं आणि थिनर व जुना टूथब्रश घेऊन माझा सोनेरी रंग खरवडत बसला. चाचा दारात उभे होते.

‘काय करतोस रे?’

‘नवा अल्बम करतोय, चाचा.’

‘मग नवा माईक घे की. याचा घसा बसलाय.’

‘माझापन बसलाय,’ संदेश म्हणाला.

असा मी या गाद्यांच्या खोलीत आलो. अल्बमचं नाव ‘काठ’. या वेळी शिव्या नव्हत्या, फुशारकी नव्हती, ढोल नव्हता. फरदीनने वल्ह्याचा आवाज घेतला होता. पाण्यात जाणारं, बाहेर येणारं वल्हं, एवढाच ठेका. संदेश आता हळू बोलायचा. एक ओळ जमली नाही तर ती खोडून पुन्हा लिहायचा. बाटल्यांवर गाणं होतं, पण त्यात तंबूत चहा देणारा तो स्वतः होता, आणि उरलेली बाटली चोरून तोंडाला लावणाराही तोच होता. बापावर गाणं होतं. ते म्हणताना त्याचं तोंड माझ्या इतकं जवळ आलं, की माझी जाळी त्याच्या श्वासाने ओलसर झाली:

‘बापाच्या जाळ्यात मासळी येती,
कधी कुणाचं लेकरू येतं,
बापानं मासळी विकून घर चालवलं,
मी लेकरू विकून नाव केलं.’

फरदीनने हेडफोन काढून ठेवले आणि तो दुकानापुढे जाऊन उभा राहिला.

गाणी काढणाऱ्या कंपनीचा माणूस फोनवर सांगे, ‘सगळं छान आहे, पण लोकांना हवंय ते कुठाय? शेवटी एक "घरी चल, भाग दोन" टाका. नाहीतर हे ऐकणार कोण?’ संदेश नाही म्हणाला. पण शेवटचं गाणं त्यालाही सुचत नव्हतं. अल्बम तिथे येऊन अडकला होता. माझ्या जाळीत काय आहे ते त्यालाही ऐकू येत असावं. कारण एक दिवस मला पिशवीत घालून तो थेट तिकोणा पेठेला गेला.

वैशाख होता. पाणी खाली गेलं होतं, काठाच्या चिखलाला भेगा पडल्या होत्या, आणि बुडालेल्या गावाची एक-दोन जोती वर आली होती. आबा होडीच्या सावलीत बसून जाळं सांधत होते. संदेश समोर उकिडवा बसला.

‘आबा, एकदाच समूला हाक मारा. ऱ्हायलेली तेवडी. मी अल्बमच्या शेवटाला लावतो. या टायमाला कुनी हसनार न्हाई. लोक रडतील, आबा.’

आबांनी सुई थांबवली नाही. ‘पयल्यांदा माजी हाक लोकास्नी हसवायला नेलीस,’ ते म्हणाले. ‘आता रडवायला नेतूयास. पोरगं पान्यात तितंच हाय.’

संदेशने पिशवीवर हात ठेवला होता. हात तसाच राहिला. त्याला चांगलं करायचं होतं, मित्रांनो, आणि चांगलं करतानाही तो तीच गोष्ट दुसऱ्यांदा मागत होता. हे त्याला तिथे, त्या भेगाळलेल्या चिखलावर कळलं. तो उठला आणि पिशवी खांद्याला लावून परतला. मी पिशवीत होतो आणि माझ्या आत पाणी हलत होतं.

पुढच्या वेळी यशोधराबाई आल्या तेव्हा आम्ही सगळे काठावर होतो. आबा होडीपाशी जाळं सांधत होते, आणि लागलाच तर म्हणून चाचांनी जीपवर भोंगा बांधला होता. फरदीनने लॅपटॉप दुकानातच ठेवला होता, आणि संदेशने स्वतःचा फोनही चाचांच्या गल्ल्यात टाकला होता. तो यशोधराबाईंपुढे जाऊन उभा राहिला.

‘ताई, त्या दिवशी लोक हसले ते तुमच्या समूला न्हाई हसले. ते गानं माझं हुतं. मी आबांची हाक त्यात घातली हुती.’

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. ‘मला माहीत आहे,’ त्या म्हणाल्या. ‘माझ्या भाचीच्या फोनवर लागलं एकदा. मी तिला बंद कर म्हणाले नाही. शेवटपर्यंत ऐकलं. वाटलं, यात तरी हाकेचं पुढचं आहे.’

संदेशची मान खाली गेली. त्यांनी त्याला माफ केलं असं नाही. त्या उठल्या आणि आबांकडे चालत गेल्या.

‘काका,’ त्या म्हणाल्या, ‘तुम्ही त्याला नुसतं नाव घेऊन थांबवून ठेवलंय. तो फार ऐकणारा मुलगा होता. जेवताना हाक मारली तरी हातातलं टाकून दारात येऊन उभा राहायचा, आई, काय म्हणतेस? तसाच उभा असेल तो.’

आबांच्या हातातून जाळं खाली गेलं. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, तेव्हाही पाहिलं नाही. त्यांनी फक्त तोंडावरून हात फिरवला आणि चाचांकडे बघून मान हलवली.

तंबूंकडून पोरं येऊ लागली होती. त्यांनी संदेशला ओळखलं. एकाने फोन वर केला, दुसरा ती ओळ गुणगुणू लागला. संदेश त्यांच्यापुढे हात जोडून उभा राहिला. ‘आज न्हाई,’ तो म्हणाला. ‘ते माझं न्हाई. त्या मानसाचं हाय.’ पोरं थांबली. एक-एक करून फोन खाली गेले. पलीकडच्या तंबूतला स्पीकर बंद करायला फरदीन पळत गेला.

आबांनी मला हातात घेतलं. टकटक केली नाही, फुंकर घातली नाही. त्यांनी ती कधीच घातली नव्हती. त्यांच्या हाताला माशाचा आणि सुताचा वास होता.

‘समू,’ ते म्हणाले. ‘चल रं बाळा, घरी चल. काठावर तुजी आई आलीया.’

आवाज भोंग्यातून गेला. जोत्यांवरून, उथळ पाण्यावरून, खोल पाण्यावरून गेला, पलीकडच्या डोंगराला लागला आणि परत आला. नाव आलं, ‘घरी’ आलं, ‘आई’ आली. माझ्या जाळीतून काहीतरी सुटलं. कसं सांगू? दाढेत अडकलेलं निघावं तसं. पाणी तसंच होतं. वर काही आलं नाही, लाटसुद्धा आली नाही.

यशोधराबाई नेहमी शेवटच्या जीपपर्यंत बसत. त्या दिवशी ऊन डोक्यावर होतं तेव्हाच त्यांनी पिशवी उचलली. पाण्याकडे पाहून ‘चल’ म्हणाल्या आणि स्टँडकडे चालू लागल्या. वाटेत त्या दोनदा थांबल्या. कोणी मागे पडलं असलं की आपण थांबतो, तशा.

चाचा मला हातात घेऊन त्यांच्या मागोमाग स्टँडवर आले, तेव्हा प्रवासी जीप भरत आली होती. आमच्याकडच्या जीपवाल्यांना तुम्ही ओळखता. बसायला जागा नाही, हे वाक्य त्यांना माहीत नाही. दोघांच्या जागेत चौघे, आणि वर ‘सरकून घ्या मावशी’. यशोधराबाई मधल्या सीटवर खिडकीजवळ बसल्या आणि शेजारच्या जागेवर त्यांनी हात ठेवला.

‘इथे कोणी बसू नका,’ त्या म्हणाल्या. ‘हा माझ्याबरोबर आहे.’

ड्रायव्हरने त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, मग चाचांकडे पाहिलं. चाचांनी मान हलवली. ड्रायव्हरने आणखी दोघांना मागे टपावर पाठवलं, संदेशही मागच्या पायरीवर लटकला, आणि जीप सुटली. सुटण्याआधी दार लावताना ड्रायव्हर हलक्या आवाजात म्हणाला, ‘हात आत घ्या.’ ते तो यशोधराबाईंना म्हणाला की कोणाला, मला सांगता येणार नाही. त्यांचे दोन्ही हात पिशवीवर होते.

‘काठ’ आता निघाला आहे. पहिल्या अल्बमइतका तो गाजलेला नाही. शेवटच्या गाण्यात वल्ह्याचा ठेका चालत राहतो, आणि जिथे हाक यायला हवी तिथे काहीच येत नाही. पुष्कळांनी संदेशला कळवलं, तुमचं गाणं बिघडलंय, मधला आवाज गेलाय. तो कोणाला समजावत बसत नाही. रविवारी तो तिकोणा पेठेला जातो. आबा जाळं सांधतात, तो सुईत सूत ओवून देतो, आणि बोलताना आबा आता त्याच्याकडे बघतात.

आबा पुन्हा हाक मारू लागले आहेत. तेवढ्यासाठी मला लोणावळ्याहून पवनानगरला नेतात आणि परत आणून पेटीत ठेवतात. माझी जाळी आता मोकळी आहे, म्हणजे तसं मी स्वतःला सांगतो. पण कधी दुपारी दुकानातली माणसं जेवायला गेली, चिक्कीचं लाटणं थांबलं, की माझा पडदा अजून जरासा हलतो. तेव्हा पाण्याचा आवाज नसतो. नुसता कोणीतरी चप्पल काढून घरात शिरावं, तेवढा आवाज असतो.

मित्रांनो, आता तुमच्या प्रत्येकाच्या खिशात माईक आहे. माझ्यापेक्षा चांगला, न थकणारा. त्याची वायर ओढू नका, असं सांगायची सोय राहिली नाही, कारण त्याला वायरच नाही. पण माझं एवढं ऐका. दुसऱ्याच्या तोंडची हाक चोरू नका, आणि कोणाचं नाव घेतलंत तर पुढचं बोलायला विसरू नका. आणि बटण दाबण्याआधी मान वळवून एकदा बघत जा, काठावर कोणाची आई उभी आहे का.